जनुकाच्या पातळीवरून स्तनाच्या कर्करोगाचं भवितव्य: दावा तपासायचा कसा, पायरीपायरीने

कुठलंही एक जनुक घ्या. स्तनाच्या कर्करोगाच्या एखाद्या सार्वजनिक डेटासेटमधले रुग्ण घेऊन, गाठीत ते जनुक किती सक्रिय आहे यावरून त्यांचे दोन गट पाडा आणि कॅप्लान-मायर आलेख काढा, म्हणजे काळाबरोबर किती रुग्ण घटनेविना उरले ते दाखवणाऱ्या रेषा. बऱ्याचदा दोन रेषा फाकलेल्या दिसतात, खाली पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०१ येते आणि शोधनिबंधाचं शीर्षक तयार होतं. या रोगात हे इतक्या सहज घडतं की नुसत्या आलेखावर विसंबून चालत नाही. २०११ मध्ये व्हेने, ड्यूमाँ आणि देतूर यांनी हे आकड्यांनिशी दाखवलं. जेवणानंतर हसल्यामुळे रक्तपेशींत बदलणाऱ्या जनुकांची यादी त्यांनी घेतली, उंदरांच्या सामाजिक पराभवाशी जोडलेली यादीही घेतली. या याद्यासुद्धा स्तनाच्या कर्करोगाचं भवितव्य 'सांगत' होत्या! शंभराहून जास्त जनुकं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली, तरी अशा याद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याद्या 'लक्षणीय' ठरल्या.

यामागचं कारण म्हणजे पेशींच्या विभाजनाचा वेग. ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनचा ग्राहक असलेल्या) गाठींचं पुढे काय होणार यावर त्या वेगाचा फार मोठा प्रभाव असतो, आणि तो वेग हजारो जनुकांच्या पातळीत उमटतो. त्यामुळे त्याच्याशी थोडाफार संबंध असलेलं कुठलंही जनुक फुकटात मार्कर, म्हणजे भवितव्याची खूण, होऊन बसतं. आपल्या जनुकाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही आहे का, हे तपासायचं असेल तर नमुन्यापासून कॉक्स मॉडेलपर्यंत (घटकांचा घटनेच्या धोक्याशी संबंध मोजणारं गणित) प्रत्येक टप्प्यावर काय पाहायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

डेटा उघडण्याआधी लिहा. उदाहरणार्थ: 'ईआर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह, काखेतल्या लिम्फ नोडमध्ये रोग नसलेल्या आणि फक्त हार्मोन थेरपी घेतलेल्या स्त्रियांमध्ये, उपचाराआधीच्या गाठीतली एयूआरकेए जनुकाची पातळी दहा वर्षांत रोग दूरवर पसरण्याशी निगडित आहे का, आणि ग्रेड व गाठीचा आकार माहीत असतानाही ती काही नवीन सांगते का?' (हर२ हे गाठीची वाढ चेतवणारं प्रथिन, एयूआरकेए हे पेशीविभाजनाचं जनुक, आणि ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते त्याचा दर्जा.) वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला एकही तुकडा गाळता येत नाही.

रुग्णांचा गट ठरवणं सर्वांत महत्त्वाचं. 'स्तनाचा कर्करोग' हा एक रोग धरून सगळ्या गाठी एकत्र टाकल्या, की ईआर पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, प्रोजेस्टेरॉन ग्राहक आणि हर२ तिन्ही नसलेल्या) यांच्यात वेगळं असणारं प्रत्येक जनुक भवितव्याशी जोडलेलं दिसतं. ते जनुक फक्त उपप्रकार ओळखत असतं, आणि ते काम पॅथॉलॉजिस्टच्या स्लाइडवर आधीच झालेलं असतं. शिवाय एकच जनुक दोन उपप्रकारांत वेगळं वागू शकतं. विभाजनाची जनुकं ईआर पॉझिटिव्ह गाठींत चांगला-वाईट फरक दाखवतात, पण ट्रिपल निगेटिव्हमध्ये ती बहुतेक सगळीकडेच चढलेली असल्याने फारसं सांगत नाहीत. तिथे रोगप्रतिकारक पेशींची जनुकं बोलतात: ती जास्त असतील तर भवितव्य साधारणपणे बरं.

मग घटना कोणती मोजायची? कुठल्याही कारणाने मृत्यू, स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू, त्याच जागी रोग उलटणं आणि दूरवर पसरणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. या व्याख्यांसाठी २००७ पासून 'स्टीप' नावाची प्रमाणित पद्धत आहे, तीच वापरा. गाठीच्या जीवशास्त्राबद्दल प्रश्न असेल तर दूरवर पसरण्यापर्यंतचा काळ सर्वांत बोलका. एकूण मृत्यू मोजले तर वयस्क रुग्णांचे हृदयविकाराने झालेले मृत्यूही त्यात येतात आणि संबंध पुसट होतो.

भवितव्यदर्शक आणि उपचारदर्शक यांतली गल्लत जुनीच आहे. 'हे जनुक जास्त असलेल्यांचं वाईट होतं' यावरून 'त्यांना केमोथेरपीचा फायदा होईल' असं निघत नाही. दुसऱ्या दाव्यासाठी केमो दिलेला आणि न दिलेला असे दोन गट हवेत, तेही शक्यतो यादृच्छिक चाचणीतले, आणि मॉडेलमध्ये जनुक व उपचार यांचा गुणाकार म्हणजे इंटरअ‍ॅक्शन तपासायला हवं.

शेवटी घटनांचा हिशेब. सर्व्हायव्हल विश्लेषणाची ताकद रुग्णसंख्येतून येत नाही, घटनांच्या संख्येतून येते. दोन समान गट, हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर) २, पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०५ आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) धरली तर सुमारे ६५ घटना लागतात. हॅझार्ड रेशो १.५ पकडायचा असेल तर सुमारे १९१. पाठपुराव्यात १५ टक्के रुग्णांनाच घटना घडत असेल तर ६५ घटनांसाठी ४३५ च्या आसपास रुग्ण हवेत. चाळीस ब्लॉक (पॅराफिन मेणात जतन केलेल्या गाठी) आणि नऊ घटनांवर काहीही सिद्ध होत नाही, संशोधनाचा अर्ज कितीही देखणा असो.

दुसरी पायरी: नमुना

आकडेमोडीत न सुधारता येणाऱ्या चुका इथे होतात. गाठ शरीरातून निघाली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. त्या ताणाला प्रतिसाद देत राहतात आणि एफओएस, जेयूएन, ईजीआर१ अशी जनुकं काही मिनिटांत उसळतात. एका केंद्रात गाठ २० मिनिटांत फॉर्मलीनमध्ये जाते आणि दुसऱ्यात तीन तास ट्रेमध्ये पडून राहते, असं असेल तर तुमच्या डेटात केंद्रांमधला फरक 'जीवशास्त्र' म्हणून दिसेल. पॅथॉलॉजीचा प्रचलित नियम पाळा: गाठ निघाल्यापासून फॉर्मलीनपर्यंत जास्तीत जास्त एक तास, गाठ चिरून काप पाचेक मिलिमीटर जाडीचे, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलीनमध्ये ६ ते ७२ तास. दोन्ही वेळा नोंदवा. जुन्या ब्लॉकसाठी त्या मिळत नसतील तर ब्लॉकचं वय आणि केंद्र तरी नोंदवा.

पॅराफिन ब्लॉकमधून आरएनए काढताना आधी एक पातळ काप एच अँड ई या नेहमीच्या रंगांनी रंगवून पॅथॉलॉजिस्टकडून गाठीचा भाग पेनाने आखून घ्या. मग १० मायक्रॉनचे चार-पाच काप घेऊन आखलेला भागच खरवडा. ही पायरी कंटाळवाणी असते म्हणून गाळली जाते, आणि मग 'नॉर्मल-लाइक' उपप्रकाराच्या गाठी अचानक वाढतात. तो उपप्रकार बऱ्याचदा शेजारची निरोगी ऊती आणि चरबीच असते. कापात गाठीच्या पेशी निम्म्याहून कमी असतील तर नमुना सोडून द्या किंवा टक्केवारी मॉडेलमध्ये घ्या. ब्लॉकचे पहिले एक-दोन काप टाकून द्या. हवेला उघड्या पृष्ठभागावरचा आरएनए जास्त मोडलेला असतो. दर ब्लॉकला मायक्रोटोमचं पातं पुसा किंवा बदला, नाहीतर आधीच्या रुग्णाची गाठ पुढच्या ट्यूबमध्ये जाते.

डीएनेज (डीएनए कापणारं विकर) प्रक्रिया करायचीच. डीएनए उरला तर कमी पातळीच्या जनुकांचे आकडे फुगतात.

गुणवत्तेसाठी गोठवलेल्या ऊतीत आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा १ ते १० मधला अंक) ७ किंवा जास्त असावा. पॅराफिनमधल्या आरएनएला हा निकष लावू नका, तिथे आरआयएन दोन-अडीचच येतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी डीव्ही२०० पाहा, म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण. ७० टक्क्यांच्या वर उत्तम, ५० ते ७० चालतं, ३० ते ५० मध्ये जास्त आरएनए घ्यावा लागतो, ३० च्या खाली वेळ घालवू नये. शुद्धतेसाठी प्रकाशशोषणाचं २६०/२८० गुणोत्तर २.० च्या आसपास हवं. २६०/२३० बरंच खाली असेल तर ग्वानिडिन मीठ किंवा फेनॉल उरलंय, परत धुवा. प्रमाण फ्लुओरोमीटरवर मोजा, कारण नॅनोड्रॉप डीएनएलाही आरएनएच समजतो.

तिसरी पायरी: मोजणी

पाच-दहा जनुकंच मोजायची असतील तर आरटी-क्यूपीसीआर (आरएनएची डीएनए नक्कल करून ती वाढवत मोजणं) पुरेसं आणि पॅराफिनला सोसणारं. प्रायमर असे निवडा की तयार होणारा तुकडा १०० बेसपेक्षा लहान राहील, कारण ब्लॉकमधला आरएनए त्याहून फार लांब उरलेला नसतो. प्रत्येक नमुना प्लेटच्या तीन विहिरींत (खाचांत) लावा; तिघांतला फरक अर्ध्या सीटीहून (संकेत दिसेपर्यंत लागलेली चक्रं) जास्त असेल तर पुन्हा. स्टँडर्ड कर्व्हचा उतार -३.१ ते -३.६ च्या दरम्यान हवा, म्हणजे कार्यक्षमता साधारण ९० ते ११० टक्के.

संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत मोजायचं ते स्थिर जनुक) एकच घेणं ही सर्रास चूक. जीएपीडीएच एकटं वापरू नका. ऑक्सिजन कमी पडलेल्या गाठींत ते स्वतःच वाढतं. ऑन्कोटाइप डीएक्स या रोग उलटण्याचा धोका सांगणाऱ्या चाचणीत २१ पैकी पाच जनुकं निव्वळ संदर्भासाठी आहेत: एसीटीबी, जीएपीडीएच, जीयूएसबी, आरपीएलपी०, टीएफआरसी. पाचांची सरासरी घेतली की एखाद्याची लहर झाकली जाते.

हिशेब एकदा हाताने करून पाहा. समजा पहिल्या गाठीत एयूआरकेएचा सीटी २७.४ आणि संदर्भ सरासरी २४.९ आहे, फरक २.५. दुसरीत २९.१ आणि २५.१, फरक ४.०. दोन फरकांमध्ये १.५ चं अंतर. प्रत्येक सीटी म्हणजे दुप्पट, म्हणून २ चा १.५ वा घात, सुमारे २.८. पहिल्या गाठीत एयूआरकेए २.८ पट जास्त. सीटी जितका कमी तितकं जनुक जास्त, हे चिन्ह उलटं ठेवून कॉक्स मॉडेल चालवणारे आणि 'संरक्षक जनुक' सापडल्याचा आनंद मानणारे कमी नाहीत.

सगळी जनुकं हवी असतील तर आरएनए सिक्वेन्सिंग. ब्लॉकमधल्या आरएनएसाठी पॉली-ए पकडणारी लायब्ररी घेऊ नका. तुटलेल्या तुकड्यांना पॉली-ए शेपूट नसतं, त्यामुळे फक्त जनुकाच्या टोकाचा भाग वाचला जातो. रायबोसोमल आरएनए काढून टाकणारी किंवा एक्सॉन पकडणारी लायब्ररी घ्या. गोठवलेल्या ऊतीला २ ते ३ कोटी रीड भागतात, ब्लॉकला त्याच्या दुप्पट मोजा कारण बरेच रीड इंट्रॉनवर आणि नकलांमध्ये वाया जातात. नमुने बॅचमध्ये वाटताना चिठ्ठ्या टाका. रोग उलटलेले सगळे सोमवारी आणि न उलटलेले गुरुवारी, असं झालं तर कॉम्बॅटसारखं बॅच-दुरुस्तीचं सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. बॅचचा परिणाम काढायला जावं तर भवितव्याचा संकेतही त्याबरोबर धुतला जातो.

चौथी पायरी: सार्वजनिक डेटा निवडताना

प्रत्येक डेटासेटचा स्वभाव वेगळा, आणि तो माहीत नसताना वापरला की फसगत ठरलेली.

टीसीजीए (अमेरिकेतला कर्करोग जीनोम प्रकल्प): सुमारे ११०० गाठी, आरएनए सिक्वेन्सिंग, भरपूर जीनोमिक माहिती. पण पाठपुरावा आखूड, मृत्यू कमी. स्तनाचा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो, त्यामुळे इथल्या एकूण सर्व्हायव्हलवर निष्कर्ष बांधू नका. रोगवाढीपर्यंतचा काळ त्यापेक्षा बरा. फाइल उतरवल्यावर पहिलं काम म्हणजे नमुन्याच्या बारकोडमधला प्रकाराचा आकडा पाहणं. ०१ म्हणजे मूळ गाठ, ०६ म्हणजे पसरलेला रोग, ११ म्हणजे शेजारची निरोगी ऊती. हे निरोगी नमुने शंभराहून जास्त आहेत. बारकोड पहिल्या १२ अक्षरांवर छाटून क्लिनिकल फाइलला जोडला की तीच रुग्ण दोनदा येते, एकदा गाठीच्या आणि एकदा निरोगी ऊतीच्या पातळीसह. असं झाल्याचं ओळखायचं कसं? जोडणीनंतर ओळींची संख्या रुग्णसंख्येपेक्षा जास्त दिसते.

मेटाब्रिक: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला, सुमारे २००० गाठी, इल्युमिना चिप, लांब पाठपुरावा, मृत्यूचं कारणही नोंदलेलं. इथे हर२ पॉझिटिव्ह रुग्णांना ट्रॅस्टुझुमॅब हे हर२विरोधी औषध मिळालेलं नाही. म्हणून ईआरबीबी२ चं (हर२ च्या जनुकाचं) जे वाईट भवितव्य इथे दिसतं ते त्या औषधाआधीच्या काळाचं आहे.

जीएसई२०३४: २८६ रुग्ण, लिम्फ नोड स्वच्छ, शस्त्रक्रियेनंतर कसलंही केमो किंवा हार्मोन नाही, १०७ जणींमध्ये रोग दूरवर पसरला. उपचारांची सरमिसळ नसलेलं रोगाचं नैसर्गिक वागणं पाहायला ही चांगली जागा, पण क्लिनिकल माहिती तुटपुंजी. स्कॅन-बी म्हणजे जीएसई९६०५८ मध्ये स्वीडनमधल्या ३२७३ गाठी आहेत, तर अभिव्यक्तीच्या फाइलमध्ये ३४०९ स्तंभ. वरचे १३६ हे दुबार मोजलेले नमुने. ते काढा, पण आधी त्यांचा उपयोग करून घ्या: तीच गाठ दोनदा मोजल्यावर तुमच्या जनुकाची पातळी किती हलते हे तिथेच कळतं.

जीईओ (जीएसई क्रमांकांच्या डेटाचं सार्वजनिक भांडार) मधल्या दोन मालिका वेगळ्या क्रमांकाच्या आहेत म्हणजे रुग्ण वेगळे असं धरू नका. जीएसई२९९० आणि जीएसई६५३२ यांत काही नमुने सामाईक आहेत. एकात शोध आणि दुसऱ्यात 'स्वतंत्र' पडताळणी केली तर ती पडताळणीच नव्हे.

पाचवी पायरी: सर्व्हायव्हलला हात लावण्याआधी अर्धा तास

हा अर्धा तास नंतरचे महिने वाचवतो. ईएसआर१ च्या (ईआरच्या जनुकाच्या) पातळीचा हिस्टोग्राम काढा. दोन उंचवटे दिसायला हवेत. ते पॅथॉलॉजीतल्या ईआर नोंदीशी ताडून पाहा. थोडी तफावत असतेच, पण दर चार-पाच नमुन्यांत एक उलटा निघत असेल तर बहुधा क्लिनिकल फाइलच्या ओळी कुठेतरी एका घराने सरकल्या आहेत. मग ईआरबीबी२ विरुद्ध जीआरबी७ असा बिंदू-आलेख काढा. दोन्ही जनुकं १७ व्या गुणसूत्रावर शेजारी असल्याने हर२ पॉझिटिव्ह गाठींत एकत्रच वाढतात, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात वेगळा पुंजका दिसतो. तो दिसला नाही तर जनुकांची नावं किंवा स्तंभ घोटाळलेत.

जुन्या अ‍ॅफीमेट्रिक्स चिपवर एका जनुकाला अनेक प्रोबसेट (ते जनुक मोजणाऱ्या डीएनए-तुकड्यांचे संच) असतात, आणि सगळे सारखे चांगले नसतात. ईएसआर१ साठी '२०५२२५_अ‍ॅट' भरवशाचा. बाकीचे बरेचसे नुसती पार्श्वभूमी मोजतात. सगळ्यांची सरासरी काढणं म्हणजे चांगल्या साक्षीदाराला वाईटांबरोबर बसवणं. आणि सगळे प्रोबसेट चालवून ज्याची पी-व्हॅल्यू छान तो ठेवणं त्याहून वाईट. कुठला घ्यायचा ते सर्व्हायव्हल न पाहता ठरवा.

एक जुनं दुखणं: जनुकांच्या यादीची फाइल एक्सेलमध्ये उघडली की सेप्ट२, मार्च१ यांच्या तारखा होतात. हा त्रास इतका झाला की नामकरण समितीने २०२० मध्ये नावंच बदलून सेप्टिन२, मार्चएफ१ केली. जुन्या फाइलींत जुनी नावं आहेतच, म्हणून एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका.

पीएएम५० या ५० जनुकांच्या पद्धतीने उपप्रकार ठरवत असाल तर आणखी एक सापळा आहे. या पद्धतीत प्रत्येक जनुकाची पातळी तुमच्या गटाच्या मध्यकापासून मोजली जाते. तुमचा गट फक्त ट्रिपल निगेटिव्ह असेल, तर मध्यकच खाली सरकतो आणि ईएसआर१ अगदी कमी असलेल्या गाठींपैकी काहींना 'ल्युमिनल' (ईआर पॉझिटिव्हसारखा उपप्रकार) हा शिक्का बसतो. गटात ईआर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांचं प्रमाण मूळ संदर्भगटासारखं असेल अशा उपगटावरून मध्यक काढा आणि तोच सर्वांना लावा.

सहावी पायरी: सर्व्हायव्हल

पातळी लॉग२ वर आणा आणि सलगच ठेवा. कॉक्स मॉडेलमध्ये ती एका प्रमाण विचलनाच्या एककात घाला. मध्यकावर तोडून 'जास्त' आणि 'कमी' असे गट केले की जवळपास एक तृतीयांश माहिती वाया जाते. एक तृतीयांश रुग्ण कचऱ्यात टाकल्यासारखंच ते. आलेख दाखवण्यासाठी गट करा, हरकत नाही. निष्कर्षासाठी नको.

'सर्वोत्तम कटऑफ' शोधणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय. सगळे कटऑफ चालवून सर्वांत लहान पी-व्हॅल्यू देणारा निवडला, तर काहीही संबंध नसताना 'लक्षणीय' निकाल येण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या घरात जाते. ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी हे १९९४ मध्येच मांडलं होतं. आज ऑनलाइन साधनांत त्यासाठी एक टिचकी पुरते, आणि त्या टिचकीवर कितीतरी निबंध उभे आहेत. निबंधात कटऑफ ०.७३ किंवा '३८ वा पर्सेंटाइल' असा विचित्र दिसला आणि कारण दिलेलं नसलं, तर तिथेच सावध व्हा.

सगळी २०,००० जनुकं तपासत असाल तर ०.०५ च्या मर्यादेवर केवळ योगायोगाने हजारेक सापडतील. बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती करा. एकच जनुक तपासलं असंही खरंच असेल तर तसं लिहा. पण वीस तपासून एकच छापलेलं असेल तर ते एक नव्हे, वीसच.

मग प्रपोर्शनल हॅझार्डचं गृहीतक. कॉक्स मॉडेल धरून चालतं की दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर पूर्ण काळभर तेच राहतं. स्तनाच्या कर्करोगात ईआरच्या बाबतीत हे सरळ मोडतं. ईआर निगेटिव्ह रोग बहुधा पहिल्या पाच वर्षांत उलटतो, ईआर पॉझिटिव्ह रोगाचा धोका लहान पण चिवट, वीस वर्षांपर्यंत टिकणारा. सगळ्या रुग्णांत ईएसआर१ घेतलं तर सुरुवातीला ते संरक्षक दिसतं, नंतर तसं उरत नाही, आणि एकच हॅझार्ड रेशो या दोघांची निरर्थक सरासरी देतो. हे तपासायला शोएनफेल्ड अवशेषांचा (मॉडेलच्या अंदाजापासूनच्या फरकांचा) आलेख काढा. रेषा आडवी नसेल तर ०-५ आणि ५ नंतरची वर्षं वेगळी करा. पाठपुराव्याचा मध्यक उलट्या कॅप्लान-मायरने द्या, म्हणजे सेन्सर होणं (घटना न घडता पाठपुरावा संपणं) हीच घटना धरून. नुसता सगळ्यांच्या काळाचा मध्यक काढला तर मृत्यू पावलेल्या रुग्णांमुळे तो आखूड येतो.

सातवी पायरी: विभाजनाची गाळणी

इथे बहुतेक मार्कर गळून पडतात. व्हेने यांच्या अभ्यासात पीसीएनए या विभाजनाच्या जनुकाशी निरोगी ऊतींमध्ये सर्वांत जास्त जुळणाऱ्या एक टक्का जनुकांचा 'मेटा-पीसीएनए' निर्देशांक वापरला होता. तो नको असेल तर साधी युक्ती आहे: ऑन्कोटाइपमधली विभाजनाची पाच जनुकं घ्या (एमकेआय६७, एयूआरकेए, बीआयआरसी५, सीसीएनबी१, एमवायबीएल२), प्रत्येकाला प्रमाणित करा आणि सरासरी काढा. तुमचं जनुक यांपैकीच असेल तर ते वगळून. आता दोन मॉडेल चालवा, एक फक्त या निर्देशांकाचं, दुसरं निर्देशांक अधिक तुमचं जनुक. लाइकलीहूड रेशो टेस्टने तुलना करा, म्हणजे जनुकाने मॉडेल खरंच सुधारलं का ते कळेल. तुमच्या जनुकाचा हॅझार्ड रेशो १.८ वरून १.०५ वर आला, तर तुम्ही विभाजनाचा वेगच मोजत होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त 'नवा मार्ग सापडला' असं लिहू नका.

दुसरी चाचणी आणखी सरळ. तुमच्या यादीत ४० जनुकं असतील तर ४० जनुकांच्या १००० यादृच्छिक याद्या बनवा, प्रत्येकीचा गुणांक त्याच पद्धतीने काढा आणि तुमची यादी त्या गर्दीत कितवी येते ते पाहा. नेहमीची पी-व्हॅल्यू ०.००१ असलेली यादी या शर्यतीत तीनशेवी येऊ शकते. ती तीनशेवीच खरी किंमत. उपप्रकार वेगळे करूनच ही चाचणी करा, नाहीतर ईआरचा फरकच सगळं व्यापतो.

आठवी पायरी: जे आधीच माहीत आहे त्यापुढे काय

रुग्णाच्या फाइलमध्ये गाठीचा आकार, ग्रेड आणि लिम्फ नोड फुकट मिळतात. नॉटिंगहॅम इंडेक्स तर तोंडी काढता येतो: सेंटिमीटरमधला आकार गुणिले ०.२, अधिक नोडचा दर्जा १ ते ३, अधिक ग्रेड १ ते ३. अडीच सेंटिमीटर, नोड स्वच्छ, ग्रेड २ असेल तर ०.५ + १ + २ = ३.५, म्हणजे चांगल्या गटाच्या ३.४ या सीमेच्या जरासं वर. तुमच्या जनुकाने या आकड्यापुढे काही भर घातली पाहिजे. मॉडेलमध्ये घटक किती घालायचे? दर घटकामागे दहाएक घटना, हा ढोबळ नियम; ३० घटनांवर आठ घटक घातले तर मॉडेल त्या रुग्णांना पाठ करतं. सी-इंडेक्स (रुग्णांच्या धोक्याचा क्रम किती बरोबर लागतो त्याचं माप) किती वाढला ते द्या, आणि कॅलिब्रेशनही: मॉडेलने १० टक्के धोका सांगितलेल्यांपैकी खरंच किती जणींचा रोग उलटला?

पडताळणी दुसऱ्या रुग्णांवर, गोठवलेल्या सूत्राने. वजनं, कटऑफ, नॉर्मलायझेशन यांतलं काहीही नव्या डेटावर पुन्हा जुळवायचं नाही. मोठ्या नावांनाही यात टीका झेलावी लागली: ७० जनुकांच्या चाचणीची २००२ मधली पहिली पडताळणी २९५ रुग्णांवर होती, पण त्यांतल्या ६१ जणी मूळ शोधाच्या गटातल्याच होत्या. ती चाचणी, म्हणजे मॅमाप्रिंट, खऱ्या अर्थाने उभी राहिली ती माइंडॅक्ट चाचणीने. ६६९३ स्त्रिया, आणि प्रश्न नेमका: क्लिनिकल धोका जास्त पण जनुकीय धोका कमी असेल तर केमो टाळता येईल का? केमो न घेतलेल्या अशा स्त्रियांपैकी ९४.७ टक्के जणी पाच वर्षांनी दूरवर रोग न पसरता जिवंत होत्या. केमोमुळे पडलेला फरक सुमारे १.५ टक्का गुण. ऑन्कोटाइपसाठी टेलरेक्स चाचणीत ११ ते २५ स्कोअरच्या ६७११ स्त्रियांचं नऊ वर्षांचं रोगमुक्त सर्व्हायव्हल हार्मोन एकट्यावर ८३.३ आणि केमोसह ८४.३ टक्के निघालं. पण पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ स्कोअरच्या स्त्रियांमध्ये केमोचा काही फायदा दिसला. पुढे आरएक्सपाँडरमध्ये एक ते तीन नोडमध्ये रोग असलेल्यांत तीच विभागणी आली: पाळी गेलेल्यांना फायदा नाही, न गेलेल्यांना आहे. म्हणून 'स्कोअर १८' याचा अर्थ वयाशिवाय लावता येत नाही, आणि हा स्कोअर ईआर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह रोगासाठीच आहे. ट्रिपल निगेटिव्ह रुग्णाने तो मागवण्यात अर्थ नाही.

लिहिताना

रिमार्क मार्गदर्शिकेतले २० मुद्दे समोर ठेवा. २००५ पासून मार्करच्या निबंधांसाठी तीच मोजपट्टी आहे. किती ब्लॉक मागवले, किती आरएनएच्या गुणवत्तेवर बाद झाले, किती क्लिनिकल माहितीअभावी गळाले, शेवटी किती रुग्ण आणि किती घटना, याचा ओघ-तक्ता द्या. बाद झालेले ब्लॉक बऱ्याचदा लहान गाठींचे असतात, म्हणजे चांगल्या भवितव्याचे. उरलेला गट त्यामुळे वाईटाकडे झुकतो आणि वाचकाला ते दिसायला हवं.

सूत्र असं लिहा की उद्या एकच गाठ आली तरी गुणांक काढता येईल: कुठले प्रायमर किंवा प्रोब, कुठली संदर्भ जनुकं, प्रत्येकाचं वजन, लॉगचा पाया, कटऑफचा आकडा. 'गटाच्या मध्यकापेक्षा जास्त' असा कटऑफ असेल तर तो दवाखान्यात निरुपयोगी आहे, कारण एकट्या रुग्णाला गट नसतो.